बाळाचाहि मान राखावा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-मेळाव्यांत केलेलें भाषण)



मी कांहीं विदुषी नव्हे. चाळीस वर्षें मीं लहान मुलांचीं नाकें पुसलीं, त्यांचीं तुटलेलीं बटणें लावलीं आणि त्यांच्याचकडून शिकत शिकत त्यांना शिकविलें, एवढीच माझी योग्यता. समितीनें मला विषय दिला तो ‘बालशिक्षण आणि मानवी हक्क’ असा. तो ऐकून आमच्या शेजारणीनें मला विचारलें, “अहो बाई, ज्याला अजून आपल्या चड्डीची नाडी बांधतां येत नाहीं, त्याला हक्क कसले आले?” प्रश्न थट्टेनें विचारला होता खरा, परंतु मी घरीं गेलें तरी तो माझ्या मनांतून जाईना. आजचें माझें बोलणें म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलें उत्तर होय.

हें उत्तर केवळ पांडित्याचें नाहीं, हेंहि आरंभींच सांगून ठेवतें. येत्या जून महिन्यांत या सभागृहामागील दोन खोल्यांत आपली बालवाडी सुरू व्हावयाची आहे. तिचे नियम अद्याप ठरावयाचे आहेत. समितीनें सूचना मागविल्या आहेत, आणि ज्या सूचना माझ्या कानांवर आल्या त्यांपैकीं तीन अशा: प्रवेशापूर्वीं मुलाची व त्याच्या आईची मुलाखत घ्यावी, वर्गांत इंग्रजीवांचून दुसरा शब्द उच्चारूं देऊं नये, आणि वाड्यांवर कामाला येणाऱ्या मजुरांच्या मुलांची सोय दुसरीकडे कोठें तरी व्हावी. या सूचना करणारांचा हेतु वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. आपल्या मुलाचें कल्याण व्हावें हीच त्यांची तळमळ. तथापि या तीन सूचनांनीं तीन ठिकाणीं बाळाचा मान दुखावतो, असें माझें नम्र मत आहे. तें आपण शांतपणें ऐकून घ्यावें आणि मग योग्य वाटेल तो निर्णय करावा.

प्रथम हक्क म्हणजे काय तें पाहूं. आपण मुलांवर प्रेम करतों, त्यांना खाऊ देतों, नवे कपडे शिवतों. मग हक्काची भाषा कशाला? एक साधें उदाहरण घ्या. माझ्या वर्गांत एका मुलाला तहान लागली. मी आनंदांत असलें तर त्याला पाणी देतें, रागावलेली असलें तर ‘आतां नाहीं, बस खालीं’ म्हणतें. पहिल्या वेळीं त्याला जें मिळालें ती माझी दया होती. पण ज्या दिवशीं मी रागावलेली आहें त्या दिवशींहि जें पाणी त्याला मिळालेंच पाहिजे, तो त्याचा हक्क. मोठा माणूस अशा वेळीं भांडेल, अर्ज करील, नाहीं तर उठून निघून जाईल. चार वर्षांच्या मुलाला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. म्हणूनच ज्याला नाडी बांधतां येत नाहीं त्यालाच हक्काची गरज सर्वांत अधिक आहे.

ही गोष्ट जगाला फार उशिरां उमगली. पहिलें महायुद्ध संपल्यावर मध्य युरोपांतील मुलें उपाशी मरूं लागलीं. तीं शत्रूचीं मुलें, म्हणून विजयी राष्ट्रांना त्यांची कींव येईना. एग्लंटाइन जेब नांवाच्या इंग्रज बाईंनीं १९१९ सालीं लंडनच्या रस्त्यावर त्या मुलांच्या बाजूनें पत्रकें वाटलीं, त्याबद्दल त्यांना दंड झाला. पण त्याच वर्षीं त्यांनीं मुलांच्या साहाय्यासाठीं निधि उभारला. आणि त्याच वर्षीं पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनीं निष्पाप बाळांच्या सणाच्या दिवशीं, २८ डिसेंबरला, जगांतील चर्चांतून या मुलांसाठीं वर्गणी गोळा करण्याची आज्ञा केली. जेबबाईंनीं लिहिलेला बालहक्कांचा पांच कलमांचा जाहीरनामा राष्ट्रसंघानें १९२४ सालीं जिनीव्हा येथें स्वीकारला. उपाशी मुलाला अन्न द्यावें, आजाऱ्याची शुश्रूषा करावी, संकटकाळीं सर्वांत आधीं मुलाला साहाय्य मिळावें, असा त्याचा आशय होता. आईला जें न सांगतां कळतें तें राष्ट्रांना लिहून द्यावें लागलें!

पुढें १० डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्या कामांत आपल्या देशाच्या प्रतिनिधि श्रीमती हंसा मेहता होत्या. पहिल्या कलमाच्या मसुद्यांत सर्व ‘पुरुष’ स्वतंत्र व समान जन्मतात असा अर्थ निघेल असा शब्द होता. हंसाबाईंनीं आग्रह धरून तेथें ‘मानव’ या अर्थाचा शब्द घालविला. हा एक शब्द बदलल्यानें स्त्रिया त्या कलमांत आल्या. आणि मी म्हणतें, मुलेंहि आलीं. कारण तें कलम माणूस समान जन्मतो असें म्हणतें. मोठा झाल्यावर, लिहावयास शिकल्यावर किंवा मुलाखतींत उत्तीर्ण झाल्यावर तो समान होतो असें म्हणत नाहीं.

तरीहि मुलांसाठीं स्वतंत्र करार व्हावयास आणखी चार दशकें लागलीं. १९५९ सालीं दहा तत्त्वांची घोषणा झाली. आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजीं चौपन्न कलमांचा बालहक्क करार मंजूर झाला. होली सीनें १९९० सालीं त्याला मान्यता दिली. आपला भारत देश ११ डिसेंबर १९९२ रोजीं त्यांत सामील झाला. या करारानें मुलाला अन्न व औषध तर दिलेंच. शिवाय खेळण्याचा हक्क दिला, मारापासून संरक्षणाचा हक्क दिला, आपल्या घरची भाषा बोलण्याचा हक्क दिला आणि ज्या गोष्टींचा आपल्याशीं संबंध आहे त्यांत आपलें म्हणणें सांगण्याचा हक्क दिला. २००५ सालीं या कराराच्या समितीनें आणखी स्पष्ट करून सांगितलें कीं, हे हक्क तान्ह्या बाळालाहि आहेत. ज्याला शब्द फुटलेले नाहींत तें मूलहि रडून, हंसून, मान फिरवून आपलें मत सांगत असतें, आणि मोठ्यांनीं तें ऐकण्यास शिकावें.

या कराराची कल्पना १९७८ सालीं पोलंड देशानें मांडली. त्याच देशांत एक मोठा बालमित्र होऊन गेला होता. यानुश कोर्चाक हे वॉर्सा शहरांतले ज्यू डॉक्टर. त्यांनीं १९१२ पासून अनाथ मुलांचें घर चालविलें. त्या घरांत मुलांचें एक न्यायालय होतें. न्यायाधीश मुलें, फिर्यादी मुलें. आणि एखाद्या शिक्षकानें अन्याय केला तर त्याच्यावरहि फिर्याद करतां येई. खुद्द डॉक्टरांवरहि फिर्यादी झाल्या, आणि ते आरोपी म्हणून मुलांपुढें उभे राहिले. मुलाला मान देणें म्हणजे त्याला लाडानें उचलून घेणें नव्हे, आपली चूक त्याच्यापुढें कबूल करणें होय, हें त्यांनीं दाखवून दिलें. पुढें नाझी सत्तेनें त्यांना मुलांसह बंदिस्त वस्तींत कोंडलें. तेथें भूक आणि मृत्यु दारांत उभा असतां, जुलै १९४२ मध्यें त्या मुलांनीं रवींद्रनाथ टागोरांचें ‘डाकघर’ हें नाटक केलें. खिडकींत बसून बाहेरचें जग पाहणाऱ्या आजारी बालकाची ती कथा आपल्या देशांतून तेथवर पोहोंचली होती. ऑगस्ट महिन्यांत सुमारें दोनशें मुलांना मृत्युछावणीकडे नेलें, तेव्हां डॉक्टर त्यांच्याबरोबर चालत गेले. मुलांना सोडून आपला जीव वाचविणें त्यांनीं नाकारलें.

एवढा मोठा त्याग आपणांकडे कोणी मागत नाहीं. आपल्याला दोन खोल्यांचे नियम करावयाचे आहेत. तेव्हां आतां बालवाडीच्या उंबरठ्याशीं येऊं.

डॉक्टर मारिया मॉन्टेसोरी यांचें नांव आपण सर्वांनीं ऐकलें आहे. त्यांच्या नांवाच्या पाट्या आज गल्लोगल्लीं दिसतात. पण त्यांचें पहिलें बालघर कोणासाठीं होतें हें फार थोड्यांना ठाऊक असतें. रोम शहरांत सान लोरेन्झो म्हणून गरिबांची वस्ती होती. आईबाप मजुरीला जात, मागें राहिलेलीं मुलें जिन्यांतून धांवत आणि भिंती खराब करीत. इमारतीची नासधूस थांबावी म्हणून मालकांनीं त्या पन्नास-साठ मुलांना एका खोलींत गोळा करण्याचें ठरविलें आणि देखरेखीसाठीं मॉन्टेसोरीबाईंना बोलाविलें. ६ जानेवारी १९०७, तीन राजांच्या सणाचा तो दिवस. ज्या पद्धतीसाठीं आज सधन लोक मोठें शुल्क भरतात ती मजुरांच्या मुलांनीं जगाला दिलेली देणगी आहे, हें मजुरांच्या मुलांना दुसरीकडे पाठवूं म्हणणारांनीं क्षणभर मनांत आणावें.

त्या बालघरांतील एक गोष्ट बाईंनीं लिहून ठेविली आहे. एके दिवशीं त्यांनीं मुलांना नाक कसें शिंकरावें याचा पाठ दिला. रुमाल कसा धरावा, आवाज न करतां नाक कसें स्वच्छ करावें, तें त्यांनीं करून दाखविलें. मुलें अगदीं स्तब्ध होऊन पाहत होतीं. आणि पाठ संपतांच त्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानांत आलें कीं, नाकाबद्दल या मुलांनीं आजवर फक्त बोलणीं खाल्लीं होतीं. ‘शी, घाणेरडा!’ असें सर्व म्हणत. पण त्यांचा अपमान न करतां तें काम कोणीं शिकविलेंच नव्हतें. त्या टाळ्या मान राखल्याबद्दलच्या होत्या.

दुसरीहि एक गोष्ट त्यांच्याच पुस्तकांत आहे. पाण्याच्या भांड्यांत तरंगतीं खेळणीं होतीं आणि मुलांनीं भोंवतीं गराडा घातला होता. अडीच वर्षांचा एक मुलगा मागें राहिला. त्याला कांहीं दिसेना. त्यानें इकडेतिकडे पाहिलें, एक लहान खुर्ची त्याच्या दृष्टीस पडली, आणि ती आणून तिच्यावर चढावें असा बेत त्याच्या चेहऱ्यावर उमटला. इतक्यांत शिक्षिकेनें त्याला उचलून घेतलें आणि ‘बघ आतां!’ म्हणून तें भांडें दाखविलें. मुलाला खेळणीं दिसलीं; पण त्याच्या मुद्रेवरचा तो आनंद मावळला. उपकार करण्याच्या भरांत आपण मुलाचें काय हिरावून घेतों तें यावरून कळेल. आपल्या घरीं सहा वर्षांच्या मुलाला जेव्हां आपण घांस भरवितों, त्याच्या पायांत बूट चढवितों, तेव्हां आपणहि तेंच करीत असतों.

आतां आपल्याच किनाऱ्यावर येऊं. श्रीमती ताराबाई मोडक या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याजवळ बालशिक्षणाचें काम करून मुंबईस आल्या. दादरला त्यांचें शिशुविहार उत्तम चाललें होतें. तरी शहरांतील सुखवस्तु मुलांपुरतें हें शिक्षण राहूं नये म्हणून त्यांनीं १९४५ सालीं डहाणूजवळच्या बोर्डी गांवांत काम सुरू केलें, आणि श्रीमती अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. विलायती साधनें परवडण्यासारखीं नव्हतीं. तेव्हां शिंपले, गोटे, बिया, पानें आणि माती हींच साधनें झालीं. पण दलित व आदिवासी वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात. आपण असतों तर म्हणालों असतों, ‘या लोकांना शिक्षणाची आवडच नाहीं.’ ताराबाईंनीं तसें म्हटलें नाहीं. मूल बालवाडींत येत नाहीं, तर बालवाडीनें मुलाच्या अंगणांत जावें, असें त्यांनीं ठरविलें. वस्तींतील एखाद्या झोपडीपुढचें अंगण झाडून तेथें मुलांना जमवावें, त्यांचे हातपाय धुवावे, केस विंचरावे, गाणीं म्हणावीं, गोष्टी सांगाव्या. हीच अंगणवाडी.

१९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारली मुलें गुरें राखण्यास जात, म्हणून शाळा कुरणावर गेली. तिला कुरणशाळा म्हणत. मोठ्या बहिणी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठीं घरीं राहत, म्हणून पाळणाघर काढलें. भगिनींनो, यांतलें मर्म पाहा. तान्ह्या बाळाची सोय झाली कीं आठ वर्षांच्या बहिणीला शाळेची वाट मोकळी होते आणि आईला निश्चिंत मनानें काम करतां येतें. एका पाळण्यानें तिघांचे हक्क राखले जातात! अनुताईंनीं १९९२ सालीं देह ठेवीपर्यंत हें व्रत चालविलें. त्यांनीं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकांत त्या दिवसांची हकीकत सांगितली आहे; ती प्रत्येक मातेनें वाचावी. आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें बालकांच्या पोषणाची, लसीकरणाची व पूर्वशिक्षणाची योजना काढली, तेव्हां तिच्या केंद्रांना देशभर हेंच नांव रूढ झालें. हा शब्द आपल्या या भागांतल्या मातींतून उगवला आहे, याचा आपण अभिमान बाळगावा.

आतां मला एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावांचून हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं.

मी नोकरीला लागलें त्या पहिल्या पावसाळ्यांतली गोष्ट. एका केळीच्या वाडींत कामाला आलेल्या कुटुंबांतला चार वर्षांचा मुलगा माझ्या वर्गांत येऊं लागला. तो आपल्या घरची बोली बोलत असे. पहिल्याच आठवड्यांत त्यानें कांहींतरी मागितलें, तें ऐकून मुलें हंसलीं. आणि सांगावयास लाज वाटते, मीहि हंसलें. ‘नीट बोल, मग देईन,’ असें मी म्हणालें. त्यानंतर त्यानें कांहींच मागितलें नाहीं. मला वाटलें, मूल शांत झालें, शिस्त लागली! एके दिवशीं त्याला बाहेर जावयाचें होतें. तें कोणत्या शब्दांत विचारावें हें त्याला कळेना. तो तसाच बसून राहिला आणि शेवटीं जागेवरच त्याचे कपडे ओले झाले. मीं रागानें त्याला दाराशीं उभें केलें. बाहेर पाऊस पडत होता आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. रडला मात्र नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. पुढेंहि आला नाहीं. पंधरा दिवसांनीं मी त्यांच्या झोपडीवर गेलें. त्याच्या आईनें मला बसावयाला गोणपाट दिलें, पाणी दिलें. माझ्यावर तिनें राग केला नाहीं, उलट तिनेंच ओशाळून म्हटलें, “बाय, त्याला तुमच्यावानी बोलता येत नाय.” माझी चूक ती आपल्या मुलाच्या पदरांत घालीत होती! मीं क्षमा मागितली. परंतु मुलगा आईच्या पाठीमागें गेला तो पुढें आला नाहीं. हंगाम संपला आणि तें कुटुंब दुसरीकडे गेलें. आज तो कोठें असेल, मला ठाऊक नाहीं. त्याचें वय आतां चाळिशीच्या पुढें असेल. कोर्चाक यांच्या न्यायालयासारखें न्यायालय माझ्या वर्गांत असतें, तर त्यानें माझ्यावर फिर्याद केली असती आणि मी दोषी ठरलें असतें.

म्हणून भाषेविषयीं मी कळकळीनें बोलतें. इंग्रजी शिकूं नये असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. मुलें गाण्यांतून, खेळांतून इंग्रजी अवश्य शिकोत. पण जी भाषा मूल आईच्या कुशींत शिकलें, ती वर्गाच्या दारांत पायताणांबरोबर काढून ठेवावयास लावूं नका. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं सामवेदी बोलतात, कित्येकांच्या घरीं वाडवळी. मजुरांच्या घरीं वारली बोली असेल. तहान, भीति, पोटदुखी आणि घरची आठवण या गोष्टी मूल आपल्या घरच्याच भाषेंत सांगतें. ती भाषा बंद केली म्हणजे मूल इंग्रज होत नाहीं, मुकें होतें.

कोणी म्हणेल, “बाई, मुलांना हक्क दिले तर शिस्त कशी राहणार?” हा प्रश्न रास्त आहे. हक्क म्हणजे मनाला येईल तें करण्याची मोकळीक नव्हे. मूल दुसऱ्याला चावलें तर त्याला आवरलेंच पाहिजे, कारण दुसऱ्या मुलालाहि सुरक्षित राहण्याचा हक्क आहे. परंतु आवरणें वेगळें आणि मारणें वेगळें. माराची भीति असलेलें मूल पाठ वळली कीं पुन्हां चावतें. उलट, ‘तुला राग आला हें मला कळलें, पण त्याला दुखलें, बघ,’ असें ज्याला शंभर वेळां सांगितलें, तें एकशेंएकाव्या वेळीं आपला हात आपणच आवरतें. याला वेळ लागतो आणि बाईंचा घसाहि बसतो, हें खरें. पण ही शिस्त बाई वर्गाबाहेर गेल्या तरी टिकते.

आपल्या देशाचा कायदाहि आतां याच बाजूला आहे. २००२ सालच्या घटनादुरुस्तीनें सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांचें संगोपन व शिक्षण यांसाठीं राज्यानें प्रयत्न करावा असें ठरविलें, आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण हा मूलभूत हक्क केला. त्यानुसार झालेला २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्यांत शाळेंत मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई आहे. आणि प्रवेशासाठीं मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावण्यासहि मनाई आहे. तो कायदा मुख्यतः सहा वर्षांवरील मुलांसाठीं आहे, असें कोणी वकिली बुद्धीनें म्हणेल. म्हणूं द्या. पण जो मान सहा वर्षांच्या मुलाला द्यावयाचा, तो साडेतीन वर्षांच्या मुलाला नाकारण्यास कोणती नीति आधार देईल? आणि मुलाखत घ्यावयाची तरी कशाची? मूल आईला बिलगून बसलें, अनोळखी माणसाशीं बोललें नाहीं, तर तें नापास? मी तर म्हणेन, तें शहाणें.

आतां समितीपुढें माझ्या सूचना थोडक्यांत ठेवतें.

पहिली सूचना: मुलाखत नको. प्रवेश आलेल्या क्रमानें द्यावा. मात्र एकूण जागांपैकीं कांहीं जागा वाड्यांवरील व वीटभट्ट्यांवरील मजुरांच्या मुलांसाठीं राखून ठेवाव्या, आणि हंगामाच्या मध्येंच तीं आलीं तरी त्यांना घ्यावें. त्यांचें शुल्क महोत्सव निधींतून भरावें, आणि कोणाचें शुल्क कोणीं भरलें हें कोणालाहि कळूं नये.

दुसरी सूचना: पिण्याच्या पाण्याचा माठ, हात धुण्याची जागा, पिशव्या अडकविण्याच्या खुंट्या आणि शौचकूपाचें दार हीं सर्व मुलाच्या उंचीचीं असावींत. उद्घाटनाची पाटी थोडी लहान झाली तरी चालेल. ज्याला स्वतःच्या हातानें पाणी घेतां येतें त्याला तें मागण्यासाठीं कोणाची मर्जी पाहावी लागत नाहीं.

तिसरी सूचना: हात उगारणें, दाराशीं उभें करणें, टोपणनांवानें हांक मारणें, दुसऱ्याशीं तुलना करणें, हें सर्व बंद असावें. हा नियम बाईंना लागू आहे तसा पालकांनाहि असावा. दारांत मुलाला चापट मारणाऱ्या आईला बाईंनीं हळूच बाजूला घेऊन समजवावें.

चौथी सूचना: दररोज एक तास तरी मोकळा खेळ असावा. मातींत, पाण्यांत, झाडाखालीं खेळणें हा वेळेचा अपव्यय नसून त्या वयाचा तोच अभ्यास आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या हातांत पेन्सिल देऊन ओळी गिरवावयास लावूं नयेत. त्याचीं बोटें अजून त्यासाठीं तयार झालेलीं नसतात.

पांचवी सूचना जरा परखड आहे. मुलांचे हक्क राखावयाचे तर त्यांना सांभाळणाऱ्या बाईंचेहि राखावे लागतात. सरकारी अंगणवाडीच्या सेविकेला पगार नव्हे तर मानधन मिळतें, आणि त्यांत ती किती कामें ओढते हें आपण डोळ्यांनीं पाहतों. आपल्या बालवाडींत तरी शिक्षिकेला व मदतनीस बाईंना वेळेवर, पोटापुरतें वेतन मिळावें. जी बाई स्वतः अपमान गिळून वर्गांत येते, तिच्याकडून मुलांच्या मानाची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

माझें बोलणें लांबलें. शेवटीं एवढेंच. आपण आज ज्याला महोत्सव म्हणतों, त्या जुबिली शब्दाचें मूळ पवित्र शास्त्रांतील पन्नासाव्या वर्षांत आहे. त्या वर्षीं गुलाम मुक्त व्हावे आणि ज्याची जमीन गेली त्याला ती परत मिळावी, असा नियम होता. म्हणजे जुबिली हा मुळांत ज्याचें त्याला परत करण्याचा सण होय. पन्नास वर्षांत आपण चर्च बांधलें, सभागृह बांधलें, हें आपल्या वाडवडिलांच्या घामाचें फळ आहे. आतां या वर्षीं आपणहि कांहीं परत करूं. मुलाचा खेळ त्याला परत देऊं, त्याची बोली त्याला परत देऊं, आणि मजुराच्या मुलाला पंगतींतलें त्याचें पान परत देऊं. आमच्या प्रभूकडे लोक मुलांना घेऊन आले तेव्हां शिष्यांनीं त्यांना दटावलें, आणि प्रभूनें शिष्यांनाच दटावलें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. जून महिन्यांत आपण दाराशीं उभे असूं तेव्हां कोणाच्या बाजूला उभे असूं, एवढें आपण आज ठरवावें.

आणि फादर, माझी एक विनंति. बालवाडी उघडेल त्या दिवशीं फीत कापण्यासाठीं कोणा थोर पाहुण्याला बोलावूं नका. वाडींतून येणारें एखादें मूल, ज्याला अजून आपल्यासारखें बोलतां येत नाहीं, तें आधीं आंत जाऊं द्या. मी त्या दिवशीं मागें उभी राहून पाहीन. माझ्या एका जुन्या ऋणाचा थोडासा भार उतरेल.